तुळसाच्या अंगात कोण येतं?

सातारा, ३० एप्रिल १९४४, रवि.
आज उपासनेत भलतंच झालं. भजन रंगात आलं, ढोलकी चढली आणि बायकांच्या बाजूला तुळसा घुमायला लागली. केस सुटलेले, डोळे मिटलेले, तोंडानं "येशू, येशू". तुळसा मिशनच्या बोर्डिंगात दळण दळते. कोरेगावकडची, पूर्वीची यल्लम्माची जोगतीण. पवित्र आत्म्याच्या सणाला तिचा बाप्तिस्मा ठरलाय. वेदीपाशी उपासना चालवणाऱ्या ह्यांनी हात वर केला, ढोलकी थांबली, तुळसा थांबेना.
तेवढ्यात सारूबाई उठली. आमची सारूबाई, ख्रिस्ती घरात जन्मलेली, कायम पुढच्या रांगेत! तुळसाच्या पायांवर डोकं ठेवून म्हणते, "आई, माझं पोरगं लढाईवर हाय. कवा येईल ते सांग."
तुळसा म्हणाली, "येतंय."
देवळात! आणि त्या वेळी माझ्या मनात काय आलं, तर... पुरे. नंतर.

१ मे
लिहूनच टाकते. आमचा मुलगा दानिएलही तिकडेच, ब्रह्मदेशाकडे. नाताळापासून पत्र नाही. सारूबाई वाकली तेव्हा वाटलं, हिच्या पाठोपाठ आपणही जावं. पाळकाची बायको मी! उठू नये म्हणून पेटीच्या पट्ट्या घट्ट दाबून धरल्या. भात्यावरचा हात चालूच होता, पेटी एकटीच केकाटत राहिली. लोकांना वाटलं, बाई घाबरल्या.

३ मे
मंडळीचे पंच आमच्या ओसरीवर बसले. येसूदास मास्तर, आमच्या शाळेचे हेडमास्तर, म्हणाले, "देवी जुनीच आहे, नाव तेवढं नवं. बाप्तिस्मा देऊ नका." ह्यांनी पौलाच्या पत्रातलं वचन काढलं: आत्म्याची दानं नाना तऱ्हेची, आत्मा मात्र एकच. त्यावर मास्तर, "तिथंच आत्मे पारखायचं दानही सांगितलंय." सांगितलंय खरं. पण ते मास्तरांनाच मिळालंय हे त्यांना कुणी कळवलं? चहा देताना अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.
शेवटी ठरलं की बाईमाणसाला बाईनं विचारावं. म्हणजे घोंगडं माझ्या गळ्यात.

५ मे
जात्याशी तुळसासमोर बसले, खुंट्याला हात लावला. विचारलं, "काय येतं गं अंगात?"
"मला काय ठावं, बाई? भजन वाढलं की आंग हलतंय. आदी देवीचं यायचं तवा लय भ्या वाटायचं, दुसऱ्या दिशी उठवायचं न्हाई. आता हलकं वाटतंय."
"आणि 'येतंय' म्हणालीस ते?"
जातं थांबलं. "त्ये म्या म्हनलं. दुसरं कोन न्हाई बोललं. सारूबाई रडत व्हत्या, बघवंना. इचारलं की सांगायचं, ही सवयच हाय मला."
ह्यांना सांगितलं.

१४ मे, रवि.
कुणी सांगितलं नसताना तुळसा आज सगळ्यांदेखत उभी राहिली. "सारूबाई, तुमचं पोरगं कवा येनार मला ठावं न्हाई. म्या खोटं बोलले."
सारूबाई रडली नाही, भडकली. "मग कशाला सांगितलंस गं?" म्हणाली आणि तरातरा निघून गेली.
हे म्हणतात, एवढं खरं बोलायचं बळ तिला कुठून आलं ते बघा, बाप्तिस्मा द्यायचाच. मास्तर म्हणतात, पुन्हा घुमली तर?
मला मात्र मास्तरांपेक्षा तुळसाचाच राग आला. जात्याशी खरं कळूनही तिचं ते "येतंय" मी दानिएलसाठी जपून ठेवलं होतं.

२८ मे, पवित्र आत्म्याचा रवि.
बाप्तिस्मा झाला. मी मुद्दाम संथ भजन घेतलं, ढोलकीवाल्या दाविदालाही हात आवरायला सांगितलं. तुळसा खांबासारखी उभी. मास्तर खूश. भजन अगदी अळणी झालं. सारूबाई आलीच नाही.
तुळसा नंतर पेटी उचलू लागायला आली. म्हणाली, "बाई, आज हलकं न्हाई वाटलं." मग, "तुमच्या लेकाचं नाव काय वं?"
"कशाला?"
"मला ठावं काय न्हाई. पर दळताना घेईन. सारूबाईंच्या पोराचं घेते की."
सांगितलं. घरी येऊन खूप रडले.

४ जून, रवि.
पत्र नाही.
आज भजन मी चढवलं. दाविदानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ढोलकीवर हात मोकळा सोडला. मास्तर दोनदा खाकरले. तुळसा हलायला लागली. कुणी उठलं नाही, कुणी काही विचारलं नाही. सारूबाई मागं दाराशी बसली होती, ती पुढं आली आणि तुळसाचा हात धरून बसली. हे वेदीपाशी उभे, हात खालीच.
कोणता आत्मा, मला पारखता येत नाही. कडवी संपली होती. सगळे माझ्याकडे पाहत होते, मी थांबते का म्हणून. मी पुन्हा पहिल्या कडव्यावर गेले.