सुमनच्या फंडावरचं नाव

१२ मार्च, जळगाव
पारसभाईंकडे गेलो. दीपनगरला वीजकेंद्रात होतो तेव्हापासून माझा कर तेच भरतात. म्हटलं, सुमनचा म्युच्युअल फंड आणि माझा पीपीएफ धुळ्याच्या सेवाघराला द्यायचाय. आजारपणात माझ्या बायकोचे शेवटचे चार महिने तिथंच गेले.
"भाऊ, फंड विकू नका. विकला की नफ्यावर कर. युनिट तशीच संस्थेला दान द्या, कर नाही. सवलतही नाही मात्र. सवलत पीपीएफवर घ्या. तो काढताना कर लागत नाही, चेकनं दिला की ८०जी कलमाची सवलत. फक्त यंदा जुनी करपद्धत धरू, नव्यात ही सवलत नाही. रोख देऊ नका."
मान डोलावली. दोन जिने उतरताना तीनदा थांबलो.

१७ मार्च
फंडाचा उतारा आला. नॉमिनी: सुमनची थोरली बहीण, अक्का, पहूर. मी नाही. मुलगा निलेशही नाही.
जेवलो नाही.

१८ मार्च
निलेशचा पुण्याहून फोन. "पप्पा, मावशी बारा वर्षं बोलत नाही आपल्याशी. वकील बघू." पारसभाईंचंही मत, नॉमिनी म्हणजे राखणदार, वारस तुम्हीच. पण कोर्टात वर्षं जातील.
भांडण माझ्यामुळे. अक्का विधवा होऊन माहेरी आल्या, वडिलांचं शेत त्यांनीच कसलं. वडील गेल्यावर सुमन हक्कसोड लिहून द्यायला निघाली होती. मी लिहू दिलं नाही. हिस्सा विकायला लावला.
फंड कधी सुरू झाला ते आत्ता पाहिलं. हिस्सा विकला त्याच महिन्यात.

२३ मार्च, पहूर
एसटीनं गेलो. अक्का ओसरीवर तूर पाखडत होत्या. या म्हणाल्या नाहीत, पाट मात्र सरकवला.
"सुमन चोरून फोन करे. म्हने, शेताचे पैसे तुह्या नावानं ठेवले, अक्का. मी म्हनलं, मले नको."
"मग ती गेल्यावर मागितले का नाहीत?"
"मांगाले कुठी येऊ? तुमच्या दारात?"
फंड दान करायला अक्कांच्या सह्या लागणार होत्या, ते कागद पिशवीतच राहिले. त्यांनीच विचारलं, कशाला आलात. सांगितलं सगळं. अक्कांनी सूप बाजूला ठेवलं.
"शेवटी ती कुठी होती, मले कोनी सांगलं नाही. ती जागा दाखवा पह्यले."
खरंय. फोन मीच केला नव्हता.

२८ मार्च
पीपीएफचा चेक सेवाघराला दिला. पावती मिळाली. वाटलं होतं मोकळं वाटेल. नुसती झोप येतेय.

२ एप्रिल, धुळे
अक्कांना घेऊन गेलो. ऊन मरणाचं. सुमनच्या खाटेवर आता शिरपूरकडची एक म्हातारी. तिनं पाणी मागितलं. तिथली मदतनीस बाई येईपर्यंत अक्कांनीच चमच्यानं पाजलं, पदरानं हनुवटी पुसली. मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मला जमलं नाही तसं उभं राहणं, बाहेर आलो.
परतीची बस पारोळ्याच्या पुढे आली. अक्का म्हणाल्या, "सगयंच द्या लागते का? गुडघ्याचं आपरेशन सांगेल हाये डाक्टरनं."
"तुमचं आहे, अक्का. ठेवा सगळं."
"तुमच्या मनात काय हाये?"
"माझ्या मनानं एकदा झालं. आता नको."


४ एप्रिल
निलेश चिडला. "तुमच्या हक्काचं सोडताय?" हो म्हणालो. एवढंच. फोन त्यानंच ठेवला. वारस म्हणून त्याचाही वाटा आहे, ते त्यानं काढलं नाही. काढील.

२१ एप्रिल
युनिट अक्कांच्या नावावर चढली. पारसभाई: "त्यांना दुसरं करपात्र उत्पन्न नाही. त्यांनी विकून दान केलं तरी कर नावापुरता. देणार आहेत का, विचारून घ्या."
म्हटलं, मी विचारणार नाही.

६ मे
निलेशचा फोन, जरा नरम. सुट्टीत येतो म्हणाला. मग हळूच, "मावशीचा गुडघा कोणत्या डॉक्टरकडे दाखवलाय?"
मला माहीत नव्हतं. पहूरचा नंबर दिला. लावतो म्हणाला नाही, पण लिहून घेतला.