वेगळा कप

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावत जा, नुसती बाटली बघून तो बरा व्हायचा नाही.

मी दवाखान्याच्या फाटक्या चादरी शिवतो, तिथल्या धुणाऱ्या बाईंविषयी तुला मागे लिहिलं होतं. काम आटपलं की त्या माझ्याकडे चहाला येतात. परवा म्हणाल्या, दोघांनी दोन खोल्यांत एकेकटं खोकत कशाला बसायचं? मला हसावं की पळावं कळेना.

माझ्या ओठावरच्या फोडांचं तुला ठाऊकच आहे. फोड जातात, पण विषाणू आत झोपून राहतो, असं डॉक्टर म्हणतात. तुझी भावजय होती तेव्हा तिला तो माझ्याकडूनच लागला आणि तिचा एक डोळा गेला. आता या बाईंच्या डोळ्यांकडे बघितलं की तिचा तो डोळा आठवतो. म्हणून त्यांचा कप वेगळा ठेवलाय, आधी आणि नंतर उकळत्या पाण्यातून काढतो. बाकावरही हातभर लांब बसतो. त्यांना कसं सांगू, ते तूच कळव.

लोभ असावा, राग नसावा.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रागावू नको तर काय करू? कप उकळायला डॉक्टरांनी सांगितलं, की हे तुझंच डोकं? मी शेजारच्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, धोका जवळिकीचा. फोड असताना लांब राहायचं. एरवीही थोडा धोका राहतोच, म्हणून आधी सांगून टाकायचं आणि ठरवणं तिच्यावर सोडायचं. ती काही कुक्कुलं बाळ नाही. मिशा रंगवायला वेळ मिळतो, तसा तोंड उघडायलाही काढ. शाळेतही फळ्यासमोर तुझी अशीच दातखीळ बसायची.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

उशीर झाला. मी बोलायच्या आधी त्याच बोलल्या. म्हणाल्या, कप वेगळा आहे हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. लोकांचं रक्त, घाण धुणारी मी, माझा कप वेगळा ठेवणारे पुष्कळ भेटले. तुम्ही त्याच चादरी मांडीवर घेऊन शिवता, म्हणून वाटलं, तुम्ही तरी तसे नसाल.

मग मी सगळं सांगितलं, डोळ्याचंसुद्धा. त्यांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. ओठ स्वच्छ होते. म्हणाल्या, शिवण चांगली घालता तुम्ही, कुठे फाटलं होतं ते दिसतसुद्धा नाही. दारात थांबून एवढंच म्हणाल्या की, खरंच रोग असता तर मी राहिले असते.

आता त्या स्वतः येत नाहीत, चादरी दुसऱ्या बाईच्या हाती पाठवतात.

कडक उन्हाने फोड उठतात, असं डॉक्टर म्हणाले होते. रोज दुपारी टोपी काढून अंगणात बसतो. जन्मभर उठू नये म्हणून जपलं, आता एक फोड येईल तर शपथ.

तुझा लोभ तरी राहू दे.
धाकटा