चष्मेवाला पक्षी

स्टावांगर, नॉर्वे
११ नोव्हेंबर १९६७

प्रिय आजोबांना,
रोरीचा नमस्कार. मी इथे बरा आहे, तुम्हीही बरे असाल. गुडघा कसा आहे? बोटीचं इंजिन थंडीत कुरकुरत असेल, त्याला आधी गरम पाणी दाखवत जा. माझं अक्षर तुम्हाला माहीतच आहे. लागेल तिथे अंदाजाने वाचा.

मी मासळीच्या डब्यांच्या कारखान्यात आहे. दिवसभर डबे पुसतो. हाताचा वास जात नाही. याआधी एका गोदीत होतो, त्याआधी एका मालवाहू जहाजावर. एका जागी बूड टेकत नाही म्हणून तुम्ही मला बोलायचात. टेकत नाही हे खरंच आहे. पण कारण तुम्हाला वाटतं ते नाही.

इथल्या टपालात एक साहेब आहेत, त्यांना तिकिटं जमवायचा नाद आहे. मी ऑर्सवेचा म्हटल्यावर उडालेच. म्हणाले, "तुमच्या बेटाचं स्वतःचं तिकीट असतं ना? लाल चोचीचा पक्षी?" मी म्हटलं, हो, आमचे आजोबा लाकडात कोरतात आणि घरीच छापतात. पुढे राणीचं तिकीट, ते साऱ्या जगासाठी. पाठीवर आमचं, ते बेट आणि पलीकडचा किनारा यांमधल्या बोटीसाठी, जातानाही आणि येतानाही. ते म्हणाले, "तुझ्याकडे एखादं आहे?"

मी नाही म्हटलं. खोटं बोललो. एक आहे.

आजोबा, ते तुमच्या बहिणीचं, एफीआजीचं आहे.

गेल्या वर्षीचा मे महिना आठवा. मंगळवार. धक्क्यावरची पेटी मी उघडली. हेक्टर दुकानदार आणि चार-पाच जण उभे होते. एफीआजीचं तिच्या मुलीला, कर्स्टीला लिहिलेलं पाकीट हाताला लागलं, आणि पाठीवर तिकीट नव्हतं. तुमचा नियम साऱ्या बेटाला पाठ: बिनतिकिटाचं चिटोरंही बोटीत चढायचं नाही, राणीने लिहिलेलं असलं तरी. एफीआजी तर उघड म्हणायचीच, "राणीचं डोकं लावलंय ना? मग वर डूगलचं पाखरू कशाला?" मी पाकीट वर धरून ओरडलो, "एफीआजीच्या पत्राला पोहता येतं का बघा रे!" सगळे खो खो हसले. मला हसवायला आवडतं. मग ते भिंतीजवळच्या दगडाखाली ठेवलं, नियमाप्रमाणे, आणि बोट सोडली.

शनिवारी ती उत्तर टोकावरून चालत आली तेव्हा ते भिजून लगदा झालं होतं. कर्स्टीचं जहाज शुक्रवारीच ऑस्ट्रेलियाला गेलं होतं. तुमच्यासमोर उभी राहून ती काय बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"डूगल, त्या पाखराला मी पेन्सिलीने चष्मा काढला, जिभेने चाटलं, अंगठ्याने दाबलं. उडून गेलं का ते? पोरीला लिहिलं होतं की तुझ्या लग्नाचा माझा राग गेला, सुखाने जा. आता ती समजणार, आईने शेवटपर्यंत तोंड फिरवलं."

तुम्ही म्हणालात, "एफी, साठ वर्षं ओळखतो तुला. हट्टाने लावलंच नसशील." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "माझा नातू खोटं बोलत नाही."

त्या दिवसापासून तुम्ही भाऊ-बहीण बोलत नाही. तुझ्या बोटीने पुन्हा पत्र धाडणार नाही, असं ती म्हणाली होती, आणि ती शब्दाची पक्की आहे. म्हणजे कर्स्टी तिकडे अजून तेच समजून बसली असेल.

तिकीट लावलेलं होतं, आजोबा. पाकिटाच्या पाठीवर गोंदाचा चौकोन चकाकत होता, तो मी तेव्हाच पाहिला होता. हसू आधी फुटलं, मग मागे फिरायची लाज वाटली. आणि गोंद माझाच होता. तुम्ही मला दाट कालवायला सांगितला होता, मी भरपूर पाणी घालून एका तासात सगळे कागद सारवले आणि फुटबॉल खेळायला पळालो.

तिकीट मला इथे येऊन सापडलं असं लिहिणार होतो. तसं एक पत्र लिहिलंही होतं, ते फाडलं. ते मला त्याच मंगळवारी सापडलं, पलीकडच्या किनाऱ्यावर. तंबाखू काढायला ओल्या कोटाच्या खिशात हात घातला, तर बोटाला पक्षी चिकटून आला; पेटीतून पत्रं काढताना ओल्या हाताला लागून खिशात गेला असणार. डोळ्यांवर पेन्सिलीचा चष्मा. तुम्हाला चिडवायला ती प्रत्येक पक्ष्याला तुमचा चष्मा काढायची. तासाभरात परत जाऊन पत्र आणलं असतं, तर संध्याकाळच्या टपालात पडलं असतं. पण एका पोरीने नाचाला बोलावलं होतं. गुरुवारी आलो तेव्हा वारा होता म्हणून अडकलो असं तुम्हाला सांगितलं. वारा नव्हता. गुरुवारी दगडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

माझं एक काम करा. मागायचा हक्क नाही तरी मागतो. शनिवारी सगळे धक्क्यावर जमतात तेव्हा हे पत्र मोठ्याने वाचा. हेक्टर असू दे. हसले ते सगळे असू देत. मग उत्तर टोकाला जा आणि आतला पक्षी एफीआजीच्या हातात द्या. ती दार लावून घेईल. तुम्ही उभे राहा. कर्स्टीला ती पुन्हा लिहायला तयार झाली, तर त्या पाकिटावर तिकीट तुम्ही स्वतः लावा, दाट गोंदाने.

मी निघताना तुम्ही घरी पत्रं लिहायला बारा तिकिटं दिली होतीत. ती मी उशीखाली ठेवून आलो. घ्यायला हात होईना. त्यामुळे या पाकिटाची पाठ कोरी आहे. नियमाप्रमाणे ते बोटीत चढत नाही, हे मला ठाऊक आहे. लावायला माझ्याजवळ एकच तिकीट होतं, आणि ते माझं नव्हतं.

ज्याच्या खांद्यावर तुम्ही हात ठेवला होता तो,
रोरी