परीक्षेचं तेल आणि रोटीचा तुकडा

सफाक्स, रविवार

आदरणीय मोन्सफ दाजींना लमीनचा सलाम,

तुमचा गुडघा, ताईचा राग आणि गाढवाचा खोकला, तिन्ही उतारावर असतील अशी आशा आहे. मी ठीक आहे. (घाण्यातल्या लोकांना विचारू नका, ते वेगळं सांगतील.)

तर, आमच्या तेलघाण्यात तेल तपासायचं नवं यंत्र आलं आणि ते शिकवायला ट्युनिसहून एक मास्तर आले. जो नापास होईल त्याने अंगणात पोती उचलायची. तरीही पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर छान झोपलो. (हे काय शिकायचं वय आहे?) पण आमच्या मॅनेजर दोरसाफबाई महाबिलंदर. ओरडल्या नाहीत. माझ्या वाटणीचे ऑलिव्ह बाह्या सरसावून स्वतः धुवायला लागल्या, आणि संध्याकाळी चहा पुढे ठेवून म्हणायच्या, "लमीनभाऊ, मला काही वर्गाला बसता येत नाही. आज काय झालं ते मला शिकवा." आता बाई आपल्यासाठी चिखलात उभी राहणार आणि आपण तिला काय शिकवणार, घोरायला? झक मारत जागा राहू लागलो. पुढे पुढे तर मास्तरांना प्रश्नही विचारले. माझं मलाच नवल वाटलं.

परीक्षेत मास्तरांनी तेलाचा पेला हातात दिला, यंत्रात घालून आंबटपणा मोजा म्हणाले. (आंबटपणा जितका जास्त, तितकं तेल वाईट.) पण घाण्यात नवं तेल दिसलं की रोटी बुडवायची, ही आपली जन्माची सवय. खिशातला तुकडा काढला, बुडवला, खाल्ला आणि "उत्तम" म्हणून मोकळा झालो. मास्तर पांढरेफटक. उरलेलं तेल मोजलं, तर निघालं साबणाच्या लायकीचं. माझ्या डोळ्यांपुढे पोती नाचायला लागली. बाई एवढंच म्हणाल्या, "उपाशी माणसाची परीक्षा घेतली, चूक माझी. उद्या जेवून या." दुसऱ्या दिवशी त्यांनी दारातच माझे खिसे तपासले, आणि मी पास झालो. यंत्र आता माझ्या ताब्यात आहे. खरं सांगतो दाजी, डोळे भरून आले.

ताईला सलाम, पोरांना पापा.

तुमचा,
लमीन

ता. क. त्या तेलाला "उत्तम" का म्हणालो? ते ज्या ऑलिव्हचं होतं, त्यांच्या पोत्यांवर तुमचं नाव होतं. मेहुण्याने चारचौघांत दाजींचं तेल नासकं म्हणायचं का? तुम्ही ऑलिव्ह पोत्यांत कुजवत ठेवता हे आता यंत्राला कळलंय. बाईंनाही.

आणखी एक, खरं तर यासाठीच पत्र. बाई आता बागवाल्यांसाठी वर्ग काढतायत. पहिलं नाव तुमचं आणि शिकवणार मी. गुरुवारी या. मागचा बाक धरू नका, तिथलं सगळं मला ठाऊक आहे. आणि बाग कोण बघणार, ही सबब चालायची नाही. त्या दिवशी तुमचे ऑलिव्ह तोडायला बाई स्वतः येतायत.