सोमवारची पाळी

४ जानेवारी
आले एकदाची! खाली पडदे शिवायचा कारखाना आणि वर आम्हा शिवणाऱ्या बायकांच्या खोल्या. माझ्या खोलीला आतून कडी आहे, खिडकी आहे आणि कपाटाची किल्ली माझ्याचकडे आहे. मशीन उजेडाला मिळालं, पायडल लोण्यासारखं चालतं. कापड बेतणाऱ्या बाईंना सगळ्या कात्रीताई म्हणतात, कारण जेवतानाही त्यांच्या गळ्यात कात्री लटकत असते. सासर सोडून आलेली म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. इथे कुणी विचारलंसुद्धा नाही. किती दिवसांनी पोटभर जेवले.

५ जानेवारी
जेवताना फजिती झाली. मालकीणबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, “मग तुमची पाळी कधी?” माझे कान तापले. सासूबाई दर महिन्याला भरल्या ताटावर हेच विचारायच्या, आणि मी मान खाली घालून सांगायचे. जिभेला वळणच पडलंय. म्हटलं, सोमवारी. त्या म्हणाल्या, बरं झालं, सोमवार रिकामाच होता.

भांडी घासताना कात्रीताईंनी खुलासा केला. मालकीणबाईंच्या आत्या शेवटच्या खोलीत अंथरुणाला खिळून आहेत. संध्याकाळी त्यांच्यापाशी आळीपाळीने बसायचं, ती ही पाळी. ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग खोलीत येऊन एकटीच हसले. आता दुरुस्त तरी काय करणार? सोमवार तर सोमवार.

९ जानेवारी
सकाळपासून नेहमीची लक्षणं. छाती दुखरी, कंबर धरलेली, पोट फुगलेलं, साधा धागा तुटला तरी डोळ्यांत पाणी. म्हणजे आज-उद्याच.

संध्याकाळी आत्याबाईंकडे बसले. तोंडात एक दात नाही, केस पांढरेफटक. मऊ भात भरवला. मग त्यांनी माझ्या ओटीपोटावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. म्हाताऱ्या माणसाचा हात झटकायचा कसा? आत कुणीतरी कच्चा टाका हळूच ओढून काढावा तसं वाटलं. दुखलं नाही.

२४ जानेवारी
आलीच नाही. कंबर, छाती, चिडचिड, सगळं आहे, फक्त ती नाही. इथला दवाखाना टाळून लांबच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. दिवस गेले असतील का, असं त्यांनी विचारलं. शक्यच नाही म्हणताना माझाच आवाज चोरट्यासारखा निघाला. तरी तपासणी केली. तसं काही नव्हतं. त्यांनी नीट समजावलं. एखाद्या महिन्यात बीज सुटत नाही, म्हणून पाळी लांबते. ताण, बदललेली जागा, उतरलेलं वजन यांनीही लांबते. थायरॉइड असू शकतं, अंडाशयात गाठी असू शकतात, क्वचित पाळी लवकर जायलाही लागते. रक्त तपासायला दिलं. जिवात जीव आला. जागाच तर बदलली आहे.

२१ फेब्रुवारी
रिपोर्ट स्वच्छ. सोनोग्राफीही स्वच्छ. याही महिन्यात नुसतं दुखणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी तपासण्या करू, घाबरू नका. घाबरत नाही मी, लाज वाटते. सासूबाई बरोबर होत्या, बिघाड माझ्यातच आहे, असं वाटत राहतं.

६ मार्च
ज्या दिवशी आपली पाळी, त्या दिवशी आत्याबाईंच्या चादरी धुवायच्या. आज चादरीवर रक्त होतं. ताजं, लालभडक.

पाठीला जखम झाली असेल म्हणून त्यांना कुशीवर वळवलं. कातडी नितळ. जखम कुठेच नाही. मग ते कुठून, ते कळलं, आणि मी नजर वळवली.

त्यांच्या भांगात काळे केस उगवलेत.

चादर गार पाण्यात भिजवली. मालकीणबाईंना सांगायचं होतं. काय म्हणून सांगू?

१३ मार्च
आज आत्याबाईंनी माझी वाट पाहिली होती. हात पोटावर ठेवला, हसल्या. पुढचे दोन दात दिसले. म्हणाल्या, “तुझी पाळी मला फार आवडते.”

मी थँक्यू म्हटलं. थँक्यू म्हटलं मी!

१७ मार्च
कात्रीताईंना विचारलंच. त्यांच्या हातातलं कापड वाकडं कापलं गेलं. अठ्ठाविसाव्या वर्षी थांबली म्हणाल्या, इथे आल्या त्याच महिन्यात. दुखणं मात्र अजून तसंच. त्यांना वाटलं, आपल्यातच खोट आहे. बटणवाल्या काकूंना विचारलं. त्यांचंही तेच — सगळ्यांचं तेच. एका ताटात जेवतो आम्ही. कुणी कुणाला बोललं नाही.

उद्या सगळ्याजणी मिळून मालकीणबाईंसमोर उभं राहायचं ठरलं.

१८ मार्च
कुणीच उठलं नाही. मीही नाही.

२ एप्रिल
नवीन मुलगी आली. शिलाई शिकून नुकतीच बाहेर पडलेली. आल्या आल्या सगळ्यांना खोड्या काढून हसवलं.

जेवायला आत्याबाई स्वतः चालत आल्या. केस काळे, वेणी घातलेली. मालकीणबाईंनी वाढता वाढता मुलीला विचारलं — तेच.

पोरीचे कान लाल झाले. पुटपुटली, उद्या, सोमवारी.

ती पाळी नव्हे गं, एवढं एकच वाक्य. मी तोंड उघडलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या — कात्रीताई तर डोळ्यांनी विनवत होत्या —

मीठ मागितलं.

मालकीणबाई म्हणाल्या, मग तुम्ही आता सोमवारातून सुटलात. मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. बरं वाटलं.

४ एप्रिल
आली. माझी. आज सकाळी — न्हाणीघरात बसून हसले, मग तोंडात पदर कोंबून रडले. अंग हलकं. काही दुखत नाही.

दुपार. खालून मशीनचा आवाज येतोय, एक मशीन बंद आहे.

दारावर टकटक. ती नवीन मुलगी. हळू आवाजात — ताई, एक विचारू? कुणाला सांगणार नाही ना? माझं पोट कालपासून —

कडी काढायला हवी. उठते. सांगते सगळं, आत्ता सांगते, फक्त आधी हे डाग धुऊन — तिला दिसले तर —

ताई, आहात ना आत?

मी