वारा लागू नये म्हणून

१० जानेवारी, शनिवार
मुकुलने पुण्याहून पार्सल धाडलं. हातात धरायचा चार्जिंगचा पंखा, २९९. ह्यांचा छातीचा पंप, ४१२. पंप आणावाच लागतो. पण पंखा! लोणावळ्यात, पौषात! ह्यांच्या फुप्फुसांचा जुना आजार, मी खिडकीच्या फटीत कापड कोंबते, आणि मुलगा वारा विकत घेतो. कपाटात ठेवला.

१२ जानेवारी, सोमवार
दवाखान्यात व्यायाम शिकवणारी स्नेहल. वयाने लहान, बोलायला ठाम. ह्यांची कानटोपी, मफलर तिने स्वतः सोडवला. "काकू, मुकुलला पंखा मीच सांगितला होता. नाकागालांवर गार वारा आला की गुदमरल्यासारखं कमी वाटतं. काकांना चालवा. थांबत थांबत, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडत." मी म्हटलं, वाटेत काही झालं तर? "डॉक्टरांनी तपासूनच परवानगी दिलीय. बसून राहिले तर पाय दुबळे होतील. मग उठता-बसता दम लागेल."
हो म्हणून आले. दिवाळीत जिन्यावर ह्यांचे ओठ निळे पडले होते. ते तिने पाहिलेलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
गल्लीच्या चढावर वरती शैलावन्संचं घर. बहिणीला तिळगूळ द्यायला चालत जायचं ह्यांच्या मनात. निम्म्यात दम लागला. कुंपणाला टेकले. मी पंखा तोंडासमोर धरला, पाठ चोळत मोठ्याने रामरक्षा सुरू केली. आधी जरा निवळले — मग माझ्याकडे बघून डोळे विस्फारले, श्वास आणखीच चढला. रिक्षाने परत आणलं.

१५ जानेवारी
आज बाहेर नाही. दाराला आतून कडी.

१९ जानेवारी, सोमवार
स्नेहलने विचारलं, चढावर नेमकं काय झालं? हे म्हणाले, "वाऱ्याने बरं वाटत होतं गं. पण हिने रामरक्षा काढली. आमचे आबा गेले तेव्हा उशाशी हिनेच म्हटली होती. मला वाटलं, आटोपलं आपलं."
ती हसली. हेही हसले. मला हसू येईना. देवाचं नाव घेऊन मी ह्यांना भीती घालत होते?
येताना म्हटलं, ह्यापुढे मनातल्या मनात म्हणेन. तर म्हणाले, "तोंडावर दिसतं तुझ्या."

२० जानेवारी
चाललो. पंखा ह्यांच्याच हातात. मी मागून, गप्प. वाटेत थांबले की सारखे वळून बघत होते. मी आहे का म्हणून नाही — मी कशी दिसतेय म्हणून.

२२ जानेवारी, गणेश जयंती
शैलावन्संना व्हॉट्सॲपवर लिहिलं — हे तुमच्याकडे यायला निघालेत, एकटे. जा म्हणून मीच सांगितलं. दारात दिसले की लगेच उलट कळवा.