थोरलीचं माप

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! जिने चढताना गुडघे कुरकुरले, पण दारात ठकी उभी दिसली आणि सगळा शीण पळाला. ठकी म्हणजे माझ्या लेकीची लेक. कागदोपत्री चांगलं भारदस्त नाव आहे तिचं, पण माझ्या तोंडात ठकीच बसलंय. सातवा महिना सरत आला. पोट असं पुढे आलंय की मिठी मारायला मला बाजूने शिरावं लागलं. नातजावई तीन महिन्यांसाठी परगावी कामाला गेलाय, म्हणून मला बोलावणं. मी म्हटलं, न बोलावतीस तरी आले असते, पिशवी भरूनच बसले होते.

ही वही तिनेच दिली. म्हणाली, आजी, तुझं तोंड दिवसभर चालतं आणि मला काम असतं, तू लिहीत जा, मी सवडीने वाचीन. आता मी शिकले चौथीपर्यंत. मास्तर म्हणायचे, तुझं अक्षर म्हणजे दौतीत पडून बाहेर आलेल्या मुंग्या. पण चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, वहीत मापं उतरवली, त्यामुळे आकडे तेवढे माझे देखणे आहेत.

घर वरच्या मजल्यावर, लहान पण टुमदार. आत शिरलं की लांब बोळ. बोळाच्या एका अंगाला बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला ठकीची खोली आणि न्हाणीघर, अगदी टोकाला माझी खोली. खिडक्या काय मोठ्या! माझ्या खिडकीतून उतारावरची सगळी छपरं दिसतात. एका छपरावर कुणाची तरी चादर वाळत होती, तिची शिवण उसवलेली मला इथून दिसली. सवय, दुसरं काय.

५ तारीख, बुधवार

ठकीचं काम आज नीट कळलं. ती लढाऊ बोटी काढते. खऱ्या नव्हेत. जी लढाई कधी झालीच नाही, ती झाली असती तर कोणती बोट तरली असती आणि कोणती बुडाली असती, हे बघायचा कॉम्प्युटरवर मोठा खेळ आहे. खेळ म्हटलं की बाई रागावतात. सिम्युलेशन म्हणायचं. मी म्हटलं, मग मी सातवी पास झाले असते तर काय झालं असतं, त्याचंही एक सिम्युलेशन काढ. म्हणाली, आजी, तू सातवीत गेली असतीस तर मास्तरांनी शाळा सोडली असती. माझ्यावर गेलीये कार्टी.

सध्या ती काढतेय ती बोट सगळ्यात मोठी, म्हणून मी तिला थोरली म्हणते. बारा तोफा, अंगावर हातभर जाड लोखंडी चिलखत. मला वाटलं होतं, यातलं ओ का ठो कळणार नाही. पण हे तर शिवणकामच की! बोटीचं वजन आधीच ठरलेलं, जसं गिऱ्हाइकाने आणलेलं कापड. चिलखत जाड केलं की दुसरीकडे कुठेतरी छाटायचं. बाही लांब हवी तर पाठीतून काढा.

मग मी विचारलं, यात हजार माणसं म्हणतेस, ती जेवतात कुठे? ठकी बघतच राहिली. स्वयंपाकघर काढायचंच विसरली होती! तोफा बारा आणि चूल एक नाही.

८ तारीख, शनिवार

मला नोकरी लागली! त्र्याहत्तराव्या वर्षी! ठकीच्या साहेबांना मी आरमारवाले म्हणते. त्यांना चुलीची गोष्ट फार आवडली. फोनवर म्हणाले, आजींनाच राहायच्या खोल्या काढू दे. मी लाजून फोनच पदराने पुसला.

आता खोली काढायची म्हणजे माप हवं. नुसतं मनाने कसं कापणार? आमच्या धंद्यात गिऱ्हाईक मापाचा कपडा आणून देतं, तो पसरायचा आणि त्याबरहुकूम नवा बेतायचा. एकदा एका बाईने स्वतःचा म्हणून बारीक बहिणीचा झगा आणून दिला होता, आणि मग माझ्याच नावाने शंख. तर मला मापाची बोट कुठून मिळणार? मी मापाला हे घरच घेतलं. टेप घेऊन दिवसभर मोजलं. स्वयंपाकघर नऊ फूट बाय सात. बोळ तीन फूट रुंद. खिडकी बेचाळीस इंच. बाहेरचं दार छत्तीस, आतली दारं तीस. ठकीने तस्संच्या तस्सं थोरलीच्या पोटात बसवलं. पडद्यावर माझी खोली बघून मला हसूच आवरेना. म्हटलं, यात माझी खाट पण टाक. टाकली तिने.

जाता जाता ठकीचंही माप घेतलं, सैल झगे शिवायचेत. पोटावर एकोणचाळीस.

११ तारीख, मंगळवार

आरमारवाले म्हणाले, झकास, पण थोरली जड झाली. चिलखत वाढवायचंय, तेव्हा आजींच्या खोल्या थोड्या थोड्या आवळा. ठकीने इकडून इंच, तिकडून इंच काढलं. एकवीस तारखेला अकरा वाजता चाचणी आहे. शत्रूची बोट पाणतीर सोडणार, म्हणजे पाण्याखालून येऊन फुटणारा बाण. तो सुटला की थोरलीच्या खोल्यांची लोखंडी दारं आपोआप बंद होतात, म्हणजे एका खोलीतलं पाणी दुसरीत जात नाही. मी विचारलं, आणि आतली माणसं? ठकी म्हणाली, ती आतच. नुसते आकडे असतात गं ते, आजी.

आज न्हाणीघराच्या दारात माझा खांदा आपटला. म्हातारपणी चाल वाकडी होते, दुसरं काय.

१४ तारीख, शुक्रवार

लाज वाटतेय लिहायला. माझ्या खिडकीसाठी पडदा शिवला. बेचाळीस इंच मोजलेली, त्याच मापाने. लावायला गेले तर पडदा आठ इंच जास्त. चाळीस वर्षांत माझं कापड कमी पडलं असेल, पण जास्त कधी झालं नाही. पुन्हा मोजलं. खिडकी चौतीस. वहीतलं पान काढलं. बेचाळीसच लिहिलंय, माझ्याच देखण्या आकड्यात.

ठकीला सांगितलं. हसली. म्हणाली, आजी, तुझी टेप म्हातारी झाली, ताणलीये. मी म्हटलं, म्हातारी टेप ताणली तर खिडकी बेचाळीसची एक्केचाळीस होईल, चौतीस कशी? त्यावर म्हणाली, चहा करतेस का.

१७ तारीख, सोमवार

आज ठकी काम करत असताना मी मागे उभी राहिले आणि पडद्यावरचे आकडे वाचले. थोरलीतली माझी खिडकी, अठरा इंच, गोल. खोलीत येऊन मोजलं. अठरा. कोपरे गेलेत. गोल झालीये. भिंत एवढी जाड की हात कोपरापर्यंत आत जातो तेव्हा काचेला बोट लागतं. आणि भिंत गार आहे. वाजवली तर ठण्ण वाजते.

मापाच्या कपड्यावरून नवा कपडा बेततात. नवा कापला म्हणून जुना काही आखडत नाही. इथे उलटं चाललंय.

आतली दारं चोवीस. बोळ दोन फूट. ठकी पोटावर एक्केचाळीस. तिला पुन्हा सांगितलं. म्हणाली, इमारत जुनी आहे, खोल्या अशाच होत्या, तू नवीन आहेस म्हणून वाटतं. मग हळूच म्हणाली, आपण तुझ्या डोक्याच्या डॉक्टरांना भेटूया का. मला राग नाही आला. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण ती रोज हे सांभाळत चालते, एक खांदा पुढे घालून, आणि तिला ते कळत नाही.

आज तिचं माप फक्त झग्यासाठी नाही घेतलं.

१९ तारीख, बुधवार

ठकी न्हाणीघराच्या दारात अडकली. ना आत ना बाहेर. मला हाक मारली तेव्हा आवाज लहानपणीचा आला. पाठ चोळत, पोट हाताने दाबत तिला तिरकी करून सोडवली. मग माझ्या हातातून टेप घेऊन तिने स्वतः मोजलं. सतरा इंच. खाली बसली. म्हणाली, आजी, तू म्हणत होतीस ते खरं.

मी म्हटलं, चल, अशीच चल, चप्पल नको घालू. पण ती पडली हुशार. म्हणाली, थांब, मी केलं तर मीच सोडवते. कॉम्प्युटर उघडून तिने सगळी दारं पुन्हा तीस केली. दारं खरंच रुंद झाली, आमच्या डोळ्यांदेखत, कुरकुरत. मी टाळ्या वाजवल्या. मूर्ख बाई मी. वजन ठरलेलं आहे. इथे दिलं की तिथून काढतं. बोळ आवळला. बाहेरचं दार आवळलं. ठकी दुरुस्त करायला गेली की दुसरीकडे जातं. मी तिचा हात धरला आणि कॉम्प्युटर बंद केला.

बोळ सोळा. बाहेरचं दार सोळा. ठकीला भिंतीला पाठ लावून उभी केली, पोटाच्या टोकाशी पाटी धरली आणि मोजलं. अंग बाजूने वळवून निघाली तर साडेतेरा लागतील. जमेल. पण तिच्या पोटात कळ आली. म्हणाली, उद्या, आजी, उद्या नक्की.

२० तारीख, गुरुवार

आरमारवाल्यांचा फोन. ठकीने रडत सांगितलं, थोरली थांबवा, आमच्या खोल्या मोठ्या करा. ते म्हणाले, तुम्ही दमलाय, आराम करा, मी स्वतःच बघतो. आणि मोठ्या प्रेमाने सांगितलं की बोळातून दोन इंच त्यांनीच काढलेत, चिलखताला हवे होते.

त्यानंतर फोन नाही लागला. या भिंतींतून लागत नाही. आम्ही दोघींनी भिंतीवर पातेली आपटली. बाहेर जिन्यावर कुणीतरी शीळ घालत खाली गेलं.

बोळ चौदा. बाहेरचं दारही चौदा.

ठकी साडेतेरा. पुन्हा मोजलं. पावणेचौदा. बाळ आज खूप हलतंय.

छप्पर हाताला लागतं.

ती आज बोळात शिरायलाच तयार नाही, म्हणते, मी फुटेन मध्येच. मी म्हटलं, अगं, घट्ट झग्यात बायका कोंबायचं काम मी चाळीस वर्षं केलंय. हसली. हसली एकदाची.

२१ तारीख, शुक्रवार, सकाळ

नऊ वाजता उठवलं. सगळे कपडे काढायला लावले, माझा रेशमी परकर तेवढा ठेवला. साबणाचं पाणी करून अंगभर चोपडलं. भिंतींनाही. अंग बाजूने वळवलेलं, तोंड दाराकडे. मी मागून. श्वास सोड म्हटलं की सोडायचा आणि एक वीत पुढे. पुन्हा. बोळ संपायला पाऊण तास लागला. ती ओरडली की मी जास्त मोठ्याने बोलायचे, काहीबाही, त्या बारीक बहिणीच्या झग्याची गोष्ट सगळी सांगितली.

दारात डोकं आधी काढलं. मग एक खांदा. मग पोट. पोटापाशी थांबलं. मी दोन्ही तळवे लावले आणि लेकीच्या वेळी सुईण जशी म्हणाली होती तशी म्हटलं, आता.

निघाली! जिन्यावर पडली, उठली, पोटाला हात लावला, म्हणाली, हलतंय, आजी, हलतंय!

माझी ठकी बाहेर आहे.

मी उंबऱ्यावर पाय टाकला आणि दार

लोखंडी आहे. मी हात काढला वेळेवर.

अकरा वाजले असणार.

नंतर

दाराबाहेरून ठकीचा आवाज आला, विहिरीतून यावा तसा. आरमारवाल्यांच्या ऑफिसात जाते म्हणाली, पळत जाते. त्यांच्या हातापाया पडते. तुझ्या खोल्या थोरलीतून काढूनच टाकायला लावते, सगळ्या, आजी, एकही ठेवत नाही, मग घर सुटेल. मला इतकं बरं वाटलं. गुणाची पोर. तिला काही ना काही सुचतंच.

ती गेली आणि मग मला कळलं.

काढून टाकल्या तर

मी आत आहे.

दार बडवलं. ठकी, नको. ठकी, काढू नको, असू दे आवळलेल्या, मी बारीक आहे, मी राहीन. ऐकू जात नाही. पातेलं चेपलं. नाही जात.

मोठा धक्का बसला. भांडी पडली. खाली कुठेतरी पाणी शिरल्यासारखा आवाज. पाणतीर असेल. इथे कोरडं आहे. पाण्याची भीती नाही मला.

ऑफिस लांब नाही म्हणाली होती.

माझ्या खोलीत आले, सरपटत. खाटेवर बसून लिहितेय. गोल खिडकीतून उजेड येतो तेवढा, ताटाएवढा.

स्वयंपाकघर गेलं.

आवाज नाही झाला. बोळातून बघितलं तर दार होतं तिथे सपाट लोखंड. सांधा पण नाही. इतकं सफाईचं काम मी कधी बघितलं नाही.

पोचली वाटतं. धावली असेल. तशा पोटाने धावू नये गं

बैठकीची खोली. न्हाणीघर. ठकीची

बोळ.

मोजते. बघा, आकडे नीट आलेत. रुंदी चार फूट. तीन फूट दहा. तीन सहा. खिडकी सात इंच. पाच.

झगे शिवून झालेत, दोन, माझ्या पिशवीत, पिशवी कुठे

उजेड जरासाच. ती चांगलंच करतेय. तिला वाटतंय चांगलंच. आत्ता तिथे हात जोडून उभी असेल, हेही काढा म्हणत, आजीची खोली राहिली, तीही

खाट वर येतेय. छप्पर. गुडघे पोटाशी घेतले.

ही वही कुणाला सापडली तर एक करा. ठकीला हे पान दाखवू नका. तिला म्हणावं, तू काढायच्या आधीच आजी बाहेर पडली होती, तिला म्हणावं, जिन्याने खाली उतरून आजी केव्हाच ग